ओहोटीचे शेत

आर्वी, पुलगाव, हिंगणघाटकडच्या माणसाला शिंपला ठाऊक असतो तो नदीच्या वाळूत सापडणारा. पोरे तो खेळायला घरी आणतात आणि तेवढ्यावर त्याचे काम संपते. पण आपल्याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला या शिंपल्याच्या भाऊबंदांवर कितीतरी घरांची चूल पेटते. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठावी, तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरावे, की जणू परमुलखात आल्यासारखे वाटते. भाषा आपलीच, पण ज्वारीच्या जागी भात आणि संत्र्याच्या जागी नारळ.

रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत आम्ही तिथल्या बायांबरोबर तिसऱ्या वेचायला गेलो, तो दिवस माघ शुद्ध तृतीयेचा. वेळ कोणती, हे त्यांनी घड्याळाला विचारले नाही, तिथीला विचारले. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी सव्वादोनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठला. भरती रोज दोन घटका पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते तसेच खूप मागेही हटते, आणि वेचायला जास्त जमीन उघडी पडते.

पाणी हटले, की बाया ओचे खोचून गाळात उतरतात. तिसरी वाळूत दोन-चार बोटे खोल दडलेली असते. वाळूवर बारीक भोके दिसली, की तिथे हात घालायचा. पायाच्या बोटांना कडक लागले, तरी ओळखायचे. कमरेत वाकून दोन-अडीच तास काम चालते; निंदणाला जाणाऱ्या आपल्या बायांना ते वेगळे सांगायला नको. पाणी परतू लागले, की टोपली उचलायची. इथे रेंगाळून चालत नाही.

घरी आणलेल्या तिसऱ्या काही तास खाऱ्या पाण्यात ठेवतात, म्हणजे पोटातली वाळू त्या बाहेर टाकतात. उकळल्यावर ज्यांचे तोंड उघडत नाही, त्या फेकून द्यायच्या. उरलेल्यांत ओले खोबरे, मिरची, कोकम घालून सुके करतात.

मी एक बारकी तिसरी टोपलीत टाकायला निघालो, तशी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ती राहू द्या भाऊ, ते बियाणं आहे."

या एका वाक्याची किंमत केरळात मोजली गेली आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात १९९१ साली सुमारे १०,००० टन तिसऱ्या निघाल्या. परदेशी मागणी होती, लहान-मोठे सगळेच उपसले गेले, आणि दोनच वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आले. मग नियम झाले: डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या दिवसांत वेचणी बंद, आणि जाळ्याची भोके ३० मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. तिसऱ्या पुन्हा वाढल्या. २०१४ साली तर शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र या सरोवराला मिळाले. भारतात ते पहिलेच.

तिसरीला दुसरा धोका आहे तो वाळूउपशाचा आणि घाण पाण्याचा. पाणी गाळून ती आपले अन्न मिळवते; त्यामुळे पाण्यातली घाणही तिच्या पोटात जाते. आणि वाळूच गेली, तर तिने राहायचे कुठे? आपल्या नदीतला शिंपलाही असाच तळाच्या रेतीत राहतो आणि पाणी गाळतो. घाटावरून रेतीचे ट्रक भरून जातात, तेव्हा त्याचे घरही जाते.

खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. तिथे पेरणी नाही, खत नाही, कर्जही नाही. मागे ठेवलेली बारकी तिसरी हीच तिथली पेरणी. चांगल्या कणसाचे बी पुढच्या सालासाठी बाजूला काढणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून द्यायला नको.