ही कशासाठी?

औषध वाढले की घरच्यांना धीर येतो. कमी झाले की मात्र मनात पाल चुकचुकते – डॉक्टरांनी आशा तर सोडली नाही ना?

पुंडलिकनगरला आमच्या घरी ही पाल चांगलीच चुकचुकली. आजोबांची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. यंत्र रक्त शुद्ध करते खरे, पण मूत्रपिंडाची बाकीची कामे गोळ्यांवर येऊन पडतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत अशा निम्म्या रुग्णांना दिवसाला 19 किंवा त्याहून अधिक गोळ्या घ्याव्या लागत होत्या! आणि या रुग्णांना पाणी तर मोजूनच मिळते. आजोबांच्या वाट्याचे कितीतरी घोट तहानेऐवजी गोळ्या गिळण्यातच संपत.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली. पिशवी टेबलावर रिकामी झाली आणि प्रत्येक औषधाला त्यांनी एकच प्रश्न विचारला – ही कशासाठी? पित्ताची गोळी एका दुखण्याच्या गोळीबरोबर सुरू झालेली. दुखण्याची केव्हाच थांबली, हिची सोबत मात्र सुटली नव्हती. रक्तदाबाचे एकच औषध दोन चिठ्ठ्यांवर दोन नावांनी होते. टॉनिकात अ जीवनसत्त्व होते. मूत्रपिंडे निकामी असली की ते अंगात साचत जाते. पित्ताची गोळी, टॉनिक आणि दुहेरी औषधातले एक, अशी तीन औषधे गेली. रक्तातला फॉस्फरस आवरणारी जेवणासोबतची गोळी मात्र राहिली.

आजीचा चेहरा उतरला. सकाळ-संध्याकाळ डबीत गोळ्या लावणे हीच तिची सेवा होती. "आता काही उपाय उरला नाही का हो?" तिने हळूच विचारले.

"तसं नाही आजी. लागत नव्हती तीच थांबवली. तब्येतीवर माझं लक्ष राहील. पण तुम्ही आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नका."

डायलिसिसहून परतल्यावर रिक्षातून उतरताना आजोबांना येणारी भोवळ पुढे कमी झाली. औषध देणे ही जशी विद्या, तसे ते वेळीच काढून घेणे हीही विद्याच, हे आम्हांला तेव्हा उमगले.

गोळ्यांचे जे घोट वाचले, त्यांतून आजोबा दुपारी अर्धा कप चहा घेतात. तो मोजून आजीच करते.