आधी सांगा, बसणार कुठे?

बदलापुरात लेडीज टेलरकडे येणारं गिऱ्हाईक आधी मोबाइल पुढे करतं, कापडाची पिशवी नंतर. फोटोतली मुलगी कमरेवर हात ठेवून उभी असते. सगळ्याच उभ्या असतात. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, हा ड्रेस घालून बसायचंय कुठे?" खुर्चीवर, पाटावर, झोपाळ्यावर की रिक्षात? रंग, गळा, अंगकाठी हे सगळं नंतर बघू.

फिशकटचंच घ्या. गुडघ्यापर्यंत अंगासरशी आणि खाली पसरलेला. रिसेप्शनच्या स्टेजवर त्याच्याइतकं देखणं काही नाही. पण आपल्याकडे नवरीला दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी पाया पडायचं असतं. वाकली की मांडीवरची शिवण ताणली जाते. मग मी घेर गुडघ्याच्या चार बोटं वरूनच सोडते. फोटोपेक्षा जरा वेगळा दिसतो, पण नमस्कार निभावतो. आगरी घरातल्या हळदीला मात्र मी फिशकट शिवतच नाही. तिथे रात्रभर नाच. पोटरीपर्यंतचा अनारकली, सुती अस्तर, बगलेत मोकळीक, एवढं पुरे.

डोहाळजेवणाला छातीखालून सुटणारा एम्पायर कट चांगला. त्याच्या वरच्या भागाला प्रिन्सेस कटच्या दोन उभ्या शिवणी देऊन त्यांत चेन लपवली, की बारशालाही तोच ड्रेस चालतो. बाळाला पाजायला आडोसा शोधून सगळं सोडत बसावं लागत नाही. बाजूच्या शिवणीत दोन-दोन इंच दाब ठेवायचा. पुढे आत घेता येतं, बाहेर काढता येतं.

सगळ्यात जास्त मागणी पूर्ण गोल घेराच्या अंब्रेलाला आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याचाच. हिशेब सांगते. कंबर २८ इंच असेल तर मधल्या गोलाची त्रिज्या साडेचार इंच. त्यात ४० इंच उंची मिळवली की साडेचव्वेचाळीस. म्हणजे ४४ इंच पन्न्याच्या (रुंदीच्या) कापडात अर्धा गोल बसतच नाही; जोड तरी द्या, नाहीतर उंची तरी कमी करा. ५८ पन्ना असेल तर साडेचार-पावणेपाच मीटरमध्ये दोन अर्धगोल निघतात. खालचा घेर भरतो २८० इंच, सात मीटरहून जास्त. तेवढी पट्टी दुमडायची असते, म्हणून शिलाई जास्त सांगितली की रागावू नका. शिवाय गोल कापडात काही ठिकाणी धागा उभा पडतो, काही ठिकाणी उरेब, म्हणजे तिरपा. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो, जॉर्जेट तर फारच. म्हणून कंबर जोडून ड्रेस रात्रभर हँगरला टांगायचा आणि सकाळी जमिनीपासून माप घेऊन खालची कड कापायची. घाईच्या शिलाईत ही रात्र वगळली जाते आणि दोन महिन्यांनी ड्रेस खाली वाकडातिकडा होतो. कळ्यांच्या अनारकलीला हा त्रास कमी. प्रत्येक कळीचा मधला धागा उभा असतो ना!

घेराची ही हौस जुनीच. फेब्रुवारी १९४७मध्ये पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओरने युद्धकाळात आखूड झालेल्या स्कर्टला वारेमाप घेर दिला. आपण सर्रास म्हणतो ते 'ए-लाइन' हे नावही त्याच्याच १९५५च्या संग्रहातलं. त्याच १९४७मध्ये घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये राहत होती. ८ ऑगस्ट १९४९ला तिचं उल्हासनगर झालं. आज या पट्ट्यातली लग्नाची खरेदी तिथल्या गजानंद मार्केटशिवाय पुरी होत नाही. घासाघीस करून कापड स्वस्त मिळतं हे खरं, पण पन्ना विचारायचं भान त्या गडबडीत कुणाला राहत नाही.

रोजच्या कपड्यांत मी कडक आहे. बदलापूर-सीएसएमटी करणाऱ्या बाईने घेरदार कुर्ती घालूच नये. लेडीज डब्यात त्या घेरावर चार जणींचे पाय पडतात. सरळ कट, मांडीपर्यंत स्लिट आणि मोबाइल बसेल असा शिवणीतला खिसा. अंबरनाथच्या शिवमंदिराचं वेगळंच. १०६० सालच्या या देवळाचा गाभारा जमिनीच्या खाली. दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. महाशिवरात्रीला मागे गर्दी रेटत असते आणि हातात फुलं-बेल. अशा वेळी पायघोळ गाऊन म्हणजे पडायची तयारी. घोट्याच्या वर चार इंच ए-लाइन कुर्ती आणि खाली पँट, यावर मी वाद घालत नाही.

फोटो आणाच, ना नाही. पण कापड फाडून घेण्याआधी एकदा दुकानात येऊन पन्ना आणि मीटर विचारून जा. आणि माप द्यायला येताना त्या दिवशी घालायची सँडलही आणा. उंची मी सँडल घालूनच मोजते.