सात साले, सात पेले

चहाचा एक घोट घेऊन तो दार्जिलिंगचा की आसामचा हे सांगणाऱ्या माणसांबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. माझी स्वतःची जीभ अगदी समतावादी. गरम आणि गोड असले की तिला सगळे चहा सारखेच. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी लंडनला गेलो असताना तिथल्या माझ्या जुन्या मित्राने "शनिवारी रात्री आमच्याकडे उभी चाखणी आहे, यायचंच," असे फर्मावले, तेव्हा मी जरा बिचकलोच. मला वाटले, उभ्या उभ्या काहीतरी प्यायचे असेल; आणि माझे गुडघे आता तेवढे उदार राहिलेले नाहीत.

पण प्रकार निराळा होता. एकाच सालच्या, पण वेगवेगळ्या मळ्यांच्या वाईन शेजारी शेजारी ठेवल्या की ती आडवी चाखणी. आणि एकाच मळ्याची, पण वेगवेगळ्या सालांची वाईन ओळीने मांडली की ती उभी. हा मित्र म्हणजे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातला माझा खोलीसोबती. त्या काळी एका चहाचे दोन करणारा हा प्राणी विलायतेत गेला, नोकरीला लागला आणि त्याला एकच व्यसन जडले. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतात सँ-ज्युलिएँ नावाचे गाव आहे. तिथल्या 'लेओव्हिल बार्टन' या मळ्याच्या चार-सहा बाटल्या तो दर साली घेई आणि जिन्याखालच्या काळोखात आडव्या निजवून ठेवी. १८५५ साली बोर्दोच्या मळ्यांची जी प्रतवारी झाली, तीत हा मळा दुसऱ्या वर्गात आला. १८२६ पासून तो बार्टन या मूळच्या आयरिश घराण्याकडे आहे. गंमत अशी की या मळ्याला स्वतःची हवेलीच नाही! बाटलीवरच्या चित्रात दिसते ती त्याच घराण्याच्या शेजारच्या, लांगोआ मळ्याची. एवढ्या नावाजलेल्या मळ्याने आपले दर मात्र माफक ठेवले होते. आमच्या मित्राची निष्ठा तिथे जडली, ती बहुधा याच गुणामुळे.

टेबलावर पांढरीशुभ्र चादर, सात बाटल्या आणि पेल्यांचे एक जंगलच. मंडळी सहा: यजमान, वहिनी, एक डॉक्टर, एक प्रोफेसर, शेजारचे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ आणि मी. मधोमध एक चकचकीत भांडे होते. घोट तोंडात घोळवून त्यात थुंकायचा, म्हणजे सातव्या पेल्यापर्यंत शुद्ध राहते. आमच्या घरातली पिकदाणी आजोबांबरोबर गेली होती. ती अशी सातासमुद्रापार पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते. वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "भावजी, कळलं नाही तर बोलू नका. गंभीरपणे मान हलवा. मी तीस वर्षं तेच करते आहे."

आम्ही नव्याकडून जुन्याकडे निघालो. पहिले २००३. त्या उन्हाळ्यात सारा युरोप भाजून निघाला होता, आणि पेल्यातही ती धग होती, मनुका शिजवल्यासारखी. मग २०००, भरदार आणि गडद. मग १९९६. हळूहळू मलाही काही दिसू लागले. द्राक्षाचा रस मुळात पाण्यासारखा फिका. तांबडा रंग आणि तो तुरटपणा येतो सालींतून. वर्षे लोटतात तशी ही तुरट द्रव्ये एकमेकांना बिलगून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग कडेने विटकरी होत जातो. म्हणजे वाईन म्हातारी होते ती आपला कडवटपणा खाली सोडून देत. डॉक्टर म्हणाले, "आपल्यात हे उलटं होतं." सगळे हसले.

चौथी बाटली निघाली १९९१ ची. प्रोफेसरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, हे नापास झालेलं पोर या पंगतीत कशाला? त्याच्या जागी आणखी एखादं नव्वद काढा की!"

त्या वर्षी एप्रिलात बोर्दोवर एका रात्रीत कडाक्याचे हिम पडले होते. कोवळे फुटवे काळे पडले. मागाहून जे थोडे घड आले, ते पिकेपर्यंत पावसाने गाठले. यजमान बूच काढता काढता म्हणाला, "असू दे. नको ती सालं गाळली, तर ती ओळ कसली?"

मग थोडे थांबून त्याने सांगितले, ते मला पंचवीस-तीस वर्षांत ठाऊक नव्हते. १९९४ साली त्याची नोकरी गेली होती. ऐपत नव्हती, पण एक साल चुकेल म्हणून जीव राहवेना. तेव्हा दुकानात कोणी न विचारलेली ही वाईन त्याने स्वस्तात घेतली. सात महिन्यांनी नवी नोकरी लागली, त्या रात्री दोघांनी पहिली बाटली फोडली. ही शेवटची. मला तेव्हा येणाऱ्या त्याच्या पत्रांत सगळे क्षेम असे! वहिनी पेल्याकडे पाहत होत्या. या खेपेला त्यांनी मान हलवली नाही.

मी घोट घेतला. वाईन पातळ होती, आंबटसर होती, आणि लगेच संपत होती. पण ती त्याच मळ्याची होती, यात शंका नव्हती. सधन भावांच्या घोळक्यात एखादा ओढगस्तीचा भाऊ असावा आणि नाक-डोळे मात्र तेच असावेत, तशी. मी ते भांडे पुढे ओढले नाही. घोट गिळला.

त्यापुढे उन्हाचे १९९०, अजून तुरटपणा न सोडलेले हट्टी १९८६ आणि मऊ, प्रसन्न १९८५ आले. इंग्रज गृहस्थांनी ८५ ला डोळे मिटून दाद दिली. पण माझे चित्त तिथे नव्हते. ते नाशिक जिल्ह्यात आमच्या बागेत गेले होते.

आमची द्राक्षे खाण्याची. वाईनचा संबंध नाही. आई तर माळकरी. दादा प्रत्येक हंगामाची नोंद लाल कापडी वहीत ठेवत: छाटणी कधी, माल किती, भाव काय. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होई. मी अकरावीत असताना फाल्गुनात, तोडणीला चार दिवस उरले असता, गारपीट झाली. अर्ध्या तासात मांडवाखाली चिखल आणि फुटलेले मणी. त्या सालच्या पानावर दादांनी फक्त 'श्री' लिहिले आणि पान कोरे ठेवले. पुढे जन्मभर त्या सालाचा उल्लेख आमच्या घरात झाला नाही. आम्हीही शहाणपणाने ते गाळत गेलो.

पण त्या रात्री मला आठवले, की त्या दुपारी आईने परकराचा ओचा खोचून चिखलातून धड मणी वेचले होते, धुऊन, कुस्करून त्यांचे सरबत केले होते आणि साऱ्या वस्तीला पाजले होते. दादांनीही पेला घेतला होता. भिंतीकडे तोंड करून प्याले, पण पेला रिकामा करून ठेवला.

दादा नाहीत, आई नाही. वही माझ्याकडे आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला ती पाटावर ठेवण्याआधी ते पान मी उघडणार आहे. 'श्री'च्या खाली दोनच ओळी लिहायच्या आहेत: फाल्गुनात गारपीट. माल नाही. सरबत गोड झाले होते.