घसारा

वस्तू विकत घेताना माणसानं घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत बनवायला मला डोकं चालवावं लागलेलं नाही. बँकेतल्या कारकुनाची अशी मतं त्याची पगाराची स्लिपच बनवून देत असते. त्यातून मी बी. कॉम. त्या तीन वर्षांत जे काही कानावरून गेलं त्यातल्या दोनच गोष्टी आज मला येतात: नावे-जमेचा मेळ घालणं आणि घसारा काढणं. पैकी घसाऱ्यावर माझा विशेष जीव. कुठलीही वस्तू दुकानाची पायरी उतरली की तिची किंमतही उतरायला लागते, हे ज्याला एकदा कळलं तो सहसा दुकानाची पायरी चढतच नाही. आमच्याकडे फ्रीज उशिरा आला, मिक्सर उशिरा आला, आणि वॉशिंग मशीन आलं तेव्हा शेजाऱ्यांचं पहिलं मशीन भंगारात निघत होतं.

"अहो, लग्न करताना मात्र थांबला नाहीत ते?" असं सौ. अधूनमधून विचारते. या प्रश्नाला बी. कॉम.च्या पुस्तकात उत्तर नाही.

तर २७ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड नावाची एक चपटी चीज जगाला दाखवली. व्यासपीठावर चक्क आरामखुर्ची मांडून, तीत बसून दाखवली. किंमत हजार डॉलरच्या घरात असणार, अशी हवा आधीपासून होती. जॉब्स यांनीही मागच्या पडद्यावर ९९९ हा आकडा झळकवला, लोकांना तो नीट पचू दिला आणि मग त्याच्या जागी धाडकन ४९९ आणून आदळला. टाळ्या! आता लक्ष्मी रोडवर साडीखरेदीला गेलेल्या कोणत्याही नवऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. आधी चिठ्ठीवरची किंमत दाखवायची, बाईंचा चेहरा पडू द्यायचा आणि मग "तुमच्यासाठी म्हणून" निम्म्यावर यायचं. पण त्या बिचाऱ्या अमेरिकनांना लक्ष्मी रोड कुठला माहीत!

दोन-तीन दिवसांत ही बातमी आमच्या शाखेत चहाबरोबर आली.

"म्हणजे पाटी," आमचे हेडकॅशियर म्हणाले.

"पाटी नव्हे, टॅबलेट."

"तेच ते. फोन करता येतो?"

"नाही."

"फोटो काढता येतो?"

"कॅमेराच नाही."

"पेन ड्राइव्ह?"

"भोकच नाही."

"मग येतं काय?"

"बोटानं पानं उलटता येतात."

"ती मी रोज लेजरची उलटतो," असं म्हणून हेडकॅशियरनी आयपॅडचा निकाल लावला. तिकडे अमेरिकेत तरी वेगळं काय चाललं होतं? 'हा तर फुगवलेला आयपॉड' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. फ्लॅशचे व्हिडिओ चालत नाहीत, यूएसबी नाही, एका वेळी दोन प्रोग्रॅम उघडे राहत नाहीत, अशी यादी झाली. हे शेवटचं कलम ऐकल्यावर मात्र आमच्या काउंटरवर आयपॅडविषयी एकदम आपुलकी निर्माण झाली. एका वेळी एकच काम करणारा प्राणी आम्हाला परका नव्हता.

एवढी नावं ठेवून ३ एप्रिलला विक्री सुरू झाली, तर पहिल्याच दिवशी तीन लाखांवर खपले. त्यातला एक कॅलिफोर्नियातल्या माझ्या आतेभावाचा. रॉकेलच्या रांगेत उभं राहावं लागतं म्हणून देश सोडून गेलेला हा गृहस्थ तिथे आपणहोऊन रांगेत उभा राहिला. त्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा ती पाटी त्याच्या पिशवीत होती, आणि तिथूनच माझी पंचाईत सुरू झाली.

आमचे अप्पा हायस्कुलात मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांचा एकच विद्यार्थी उरला, तो म्हणजे रोजचं वर्तमानपत्र. नावापासून शेवटच्या पानावरच्या मुद्रक-प्रकाशकापर्यंत ते वाचायचं आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना तांबड्या पेन्सिलीनं गोल करायचे. त्या वर्षी त्यांचे दोन्ही मोतीबिंदू काढून झाले होते. तरी अक्षर दिसेना, तेव्हा डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "पडदा झिजतोय. मधोमध. वयानं होतं. चष्मा बदलून उपयोग नाही." चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत बरंच काही लिहिलं, त्यातला 'रेटिना' एवढा एकच शब्द मला लागला.

आतेभावानं पाटीवर एक मराठी वर्तमानपत्र उघडलं आणि अप्पांचं बोट धरून त्यावर ठेवलं. दोन बोटं फाकवली की अक्षर तेलात सोडलेल्या पुरीसारखं टम्म फुगायचं. अप्पांनी निधनवार्ता फुगवल्या. एक अख्खी वाचून काढली. मग पाटी मांडीवर ठेवून म्हणाले, "हे बरं आहे."

चाळीस वर्षांत दहापैकी साडेसहाच्या वर कुणाला मार्क न दिलेल्या माणसाचं हे 'बरं' होतं. सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

२८ जानेवारी २०११ रोजी आयपॅड भारतात आला. सगळ्यात स्वस्त २७,९०० रुपये. माझ्या हातात पडणाऱ्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी होती, पण ते कारण मी स्वतःलाही सांगितलं नाही. मी कागद-पेन घेतलं. बचत खात्यावर तेव्हा साडेतीन टक्के होते. म्हणजे पैसे जागेवर राहिले तर वर्षाला ९७६ रुपये ५० पैसे व्याज. उलट संगणकाला आयकरवाले तेव्हा ६० टक्के घसारा द्यायचे; म्हणजे पाटी घरात आली तर वर्षाअखेर तिचे ११,१६० उरणार. आता कोण शहाणा माणूस घेईल? शिवाय मार्चमध्ये नवं मॉडेल येणार अशी बोलवा होती.

आणि आलं! २ मार्चला अमेरिकेत आयपॅड दोन जाहीर झाला. जाडी एक तृतीयांशानं कमी, कॅमेरे एक सोडून दोन, किंमत तीच ४९९ डॉलर. त्या दिवशी मी शाखेत साहेबांसारखा हिंडलो. २९ एप्रिलला तो भारतातही आला. म्हणजे आपल्याकडचा पहिला आयपॅड ९१ दिवसांत शिळा! सरकारची ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं असतात, तीही मुदत संपताना दोन पैसे वर देऊन जातात. घाईनं घेणाऱ्यांची मला मनापासून कीव आली.

फक्त एक लहानशी अडचण झाली. नव्याची किंमत २९,५०० होती. थांबल्यामुळे वस्तू १,६०० रुपयांनी महाग होते, हा प्रकार आमच्या पुस्तकात नव्हता. "तरी बाजारात जरा मुरू दे," मी घरी म्हणालो.

"लोणचं आहे का ते?" सौ. म्हणाली.

अप्पा काही म्हणाले नाहीत. मी त्यांना एकशेवीस रुपयांचं भिंग आणून दिलं. भिंगाला घसारा नसतो.

मग ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' दाखवला. विद्यार्थ्यांसाठी सरकारी टॅबलेट, सरकारला पडणार सव्वादोन हजारांच्या आसपास. हेडकॅशियर नोटा मोजतात त्या वेगानं म्हणाले, "अरे, तुझ्या एका आयपॅडमध्ये बारा येतात! वर चिल्लर उरते!" त्याच तारखेला तिकडे स्टीव्ह जॉब्स वारले. ती बातमी आली तेव्हा पाटी-पाटी करणारे हेच हेडकॅशियर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "छप्पन्न म्हणजे काही वय नाही." मग 'आकाश'च्या तक्रारी छापून यायला लागल्या: पडदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, चाल मंद आहे, बॅटरी टिकत नाही. पाठोपाठ सुधारित 'आकाश' येणार अशी बातमी आली. सुधारित येणार म्हटल्यावर मी थांबलो, हे वेगळं सांगायला नकोच.

या काळात घरात काय चाललं होतं तेही सांगितलं पाहिजे, कारण वहीची एकच बाजू दाखवणं आमच्या धंद्यात गुन्हा आहे. अप्पांचं वाचन पहिल्यांदा शेवटच्या पानावरून मागे हटलं. मग अग्रलेख सुटला. मग भिंग धरूनही मथळेच उरले. इंग्रजी शाळेत तिसरीत असलेली आमची कन्या त्यांना पेपर वाचून दाखवायला लागली. ती 'त्रेचाळीस'ला 'फोर्टी थ्री' म्हणायची आणि 'ळ'चा सरसकट 'ल' करायची, त्यामुळे टिळक पुतळा टिलक पुतला व्हायचा. अप्पा तांबडी पेन्सिल हातात धरून ऐकायचे. गोल कुठे करायचा ते आता दिसत नव्हतं.

७ मार्च २०१२ रोजी तिसरा आयपॅड जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना मी अगदी रंगात आलो होतो.

"बघा अप्पा, थांबण्यात अर्थ होता की नाही! पडदा आधीच्या चौपट बारीक ठिपक्यांचा. अक्षर कसं छापल्यासारखं! आणि त्या पडद्याला त्यांनी नाव काय दिलंय माहितीय? रेटिना!"

अप्पा आमटीची वाटी चाचपत होते. ती ताटाच्या उजव्या अंगालाच होती. हाताला लागल्यावर ते म्हणाले, "रेटिना? बदलून देतात का रे तिथे?"

टोमणा असता तर मी परतवला असता. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. सौ. पोळ्या आणायला आत गेली. पोळ्या ताटाशेजारीच होत्या.

त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला. जमेच्या बाजूला न खर्चलेले २७,९०० आणि त्यावरचं व्याज लिहिलं. नावे बाजूला मागच्या दिवाळीतली नव्हे, त्याच्या मागच्या दिवाळीतली एक पूर्ण वाचलेली निधनवार्ता आणि आजची आमटीची वाटी. यांच्यामधला फरक किती टक्क्यांनी काढायचा ते मला येईना. यंत्राचा घसारा मी पैशापर्यंत मोजला होता. वापरणाऱ्याच्या घसाऱ्याचं कोष्टक मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याचं पुढचं मॉडेल मार्चमध्ये यायचं नव्हतं.

तिसरा आयपॅड आपल्याकडे २७ एप्रिलला आला. किंमत ३०,५००, म्हणजे आणखी हजारानं वर. मी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बँकेतून परस्पर गेलो आणि जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू नवी असताना, पूर्ण किमतीत, दुकानदाराला एकही प्रश्न न विचारता घेतली.

अप्पांनी बोटं फाकवली. फाकवत गेले. पडद्यावर पाच शब्द उरले तेव्हा थांबले. मधोमध दिसत नसल्यामुळे मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यानं, पक्षी दाण्याकडे बघतो तसे ते त्या शब्दांकडे बघायला लागले. एक ओळ, मग सरकव, मग दुसरी ओळ. एका निधनवार्तेला पाऊण तास. शेवटी पाटी मांडीवर ठेवून म्हणाले, "हे बरं आहे."

पुढे कन्येनं त्यांना कॅमेरा शिकवला. आपल्या जुन्या पुस्तकांच्या पानांचे ते फोटो काढायचे आणि फुगवून वाचायचे. "बघ, थांबलास म्हणून कॅमेरा मिळाला," हेडकॅशियर म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण दीड वर्षापूर्वी त्यांनी ते पान दहा मिनिटांत संपवलं असतं, हेही खोटं नव्हतं.

२३ ऑक्टोबरला चौथा जाहीर झाला. सातच महिने! चार्जिंगचं तोंडसुद्धा बदललं. हेडकॅशियर पेपर नाचवत आले, "फसलास की रे!" मी टोकन क्रमांक सदतीसला पैसे देत होतो. दिले आणि अडतीसला बोलावलं.

अप्पा २०१६त गेले. आयपॅड अजून आहे. त्यात आता नवं काहीच भरता येत नाही. कन्या म्हणते भंगारात द्या. जुन्या ६० टक्क्यांच्या दरानं दहा वर्षांचा घसारा मी काढून पाहिला. ३०,५०० रुपयांचे ३ रुपये २० पैसे राहतात. इतक्या पैशांत भंगारवाला पिशवीसुद्धा उघडणार नाही. पण तेवढ्यासाठी मी तो ठेवलेला नाही.

त्यात पुस्तकांच्या पानांचे एकशे चौऱ्याहत्तर फोटो आहेत. पान वाऱ्यानं उलटू नये म्हणून अप्पा ते दाबून धरायचे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फोटोच्या खालच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला आहे. अंगठेबहाद्दरांवर जन्मभर डाफरणाऱ्या मास्तरांचा अंगठा. बँकेत अंगठा घेताना आम्ही ओळखीची सही मागतो. हे अंगठे मी तसेच पास केले आहेत.