पडवीतलं क्रॉसिंग

देवरूखला रेल्वे नाही. संगमेश्वर तालुक्याचं हे मुख्य गाव, पण देवरूखकरांचं स्टेशन म्हणजे संगमेश्वर रोड. मुंबईहून येणारा माणूस तिथे उतरतो आणि एसटी किंवा रिक्षा पकडून वर गावात येतो. तरीही रेल्वेतला एक शब्द इथल्या लहानमोठ्या सगळ्यांना पाठ आहे. गाडी एखाद्या आडस्टेशनात येऊन थांबते. चढणारं कुणी नसतं, उतरणारंही नसतं. नव्याने आलेला पाहुणा खिडकीतून डोकावून विचारतो, काय झालं? आणि समोरचा डोळेही न उघडता सांगतो, "क्रॉसिंग आहे." मग कधीतरी समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते आणि आपली हलते.

कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. रोहा ते वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरीकडे एकाच मार्गावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जातात. प्रवाशाला हे थांबणं कंटाळवाणं वाटतं. घरात छोटी रेल्वे मांडू पाहणाऱ्या हौशी माणसाला मात्र यापेक्षा चांगला विषय सापडणार नाही.

कारण घरातल्या अशा रेल्वेची पहिली अडचण जागेची असते. जगभर सर्वाधिक चालणारं प्रमाण 'एचओ', म्हणजे खऱ्याच्या १:८७. त्या हिशेबाने एक डबा साधारण २७ सेंटिमीटरचा होतो आणि वीस डब्यांची गाडी इंजिनासकट साडेपाच मीटरच्या पुढे जाते. जुन्या कोकणी घराची चांगली लांब पडवी एका गाडीनेच भरून गेली! उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो १:८७ ने काढला तर ७५ मीटर. रत्नागिरीच्या दक्षिणेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. त्याची प्रतिकृती उंचीला ७४ सेंटिमीटर म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी होईल, पण लांबी जवळजवळ पाच मीटर. वळणांचं तर विचारूच नये. कोकण रेल्वेची वळणं मुद्दाम सौम्य ठेवली आहेत, सर्वांत तीव्र वळणाचीही त्रिज्या किलोमीटरभराच्या पुढे. ती आणायची तर अंगणासकट घर लागेल. बाजारात मिळणाऱ्या रुळांची बहुतेक वळणं अर्ध्या मीटरच्याही आतली असतात.

रुळांमधलं अंतरही जुळत नाही. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाशी जुळणारे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला १९.३ मिलिमीटर हवेत. तसे रूळ आणि चाकं हाताने घडवायची तर वर्षं जातात. म्हणून बहुतेक जण तयार रुळांवरच भारतीय डबे चालवतात आणि तीन मिलिमीटर सोडून देतात. घरातली रेल्वे म्हणजे काय काय सोडायचं याचा विचार. वीस डब्यांचे सहा होतात, पुलाचे गाळे कमी होतात, संगमेश्वर आणि उक्षी यांच्यामधलं सगळं रान दोन हातांत बसवावं लागतं.

मराठी माणसाने हे काम किती मोठ्या जिद्दीने केलं, ते पुण्यात कोथरूडला पाहता येतं. भाऊ जोशी यांनी आधी ठिकठिकाणी नेऊन दाखवता येईल असा लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेची मांडणी, केला आणि मग कायमची जागा धरून लघुरेल्वेचं एक अख्खं शहर उभारलं. ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं १९९८ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वेचा मार्ग सलग सुरू झाला होता. जोशींच्या शहरात वाफेचं इंजिन आहे, टांगती रेल्वे आहे, डोंगर चढणारी फ्युनिक्युलर आहे, उड्डाणपूल आणि सिग्नल आहेत, आणि खेळ चालू असताना दिवस मावळून दिवे लागतात. तो युरोपच्या रंगरूपाचा देखावा आहे. कोकण मात्र कोकणातल्या माणसालाच मांडावा लागेल.

आणि कोकण मांडण्याची रीत उलटी आहे. एरवी हौशी माणूस प्लायवूडचा सपाट पाट घेतो, त्यावर रूळ ठोकतो आणि मग कडेला डोंगर चिकटवतो. इथे ते चालत नाही. कोकण रेल्वेचा चढ १५० ला एक यापेक्षा जास्त ठेवलेला नाही, म्हणजे तीन मीटरच्या मांडणीत रूळ दोन सेंटिमीटरच चढणार. रूळ जवळजवळ सपाट रेषेत जातो. खालीवर होते ती जमीन. म्हणून लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करायची, तिच्यावर ठोकळे उभारून रुळाची पातळी आधी पक्की करायची आणि मग त्या रेषेच्या खाली दरी उतरवायची, वर डोंगर चढवायचा. मार्ग आखणाऱ्या अभियंत्यांना हाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर म्हणून नव्वदांवर बोगदे नि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल बांधले गेले. तीन मीटरच्या चौकटीवर ते उत्तर हाताला कळतं.

डोंगर करायचं कसब या गावांत मुळातच आहे. गणपतीच्या आराशीत घरोघरी घाट, धबधबे, देवळं उभी राहतात. २०१८ च्या बंदीनंतर आराशीतला थर्माकोल गेला, तशी पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि बांबूच्या कामट्या पुन्हा वापरात आल्या. लेआउटचा डोंगरही त्यांचाच होतो. गवताला रंगवलेला भुसा, कटिंगच्या भिंतींना जांभ्याचा चुरा. ही लाल माती बारीक चाळून तिच्यावरून आधी चुंबक फिरवावा लागतो, कारण तिच्यातले लोहाचे कण इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि रुळांचे सांधे सरकतात, म्हणून चौकटीला वरून, खालून आणि कडांनाही रंग द्यावा लागतो. दमट हवेत रुळांवर काजळी धरते; वीज रुळांतूनच इंजिनाला मिळत असल्याने रूळ पुसले नाहीत तर गाडी आचके देते.

हे सगळं झालं तरी एक प्रश्न उरतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या या भागातल्या गाड्यांचा वेग ताशी ७५ किलोमीटरपर्यंत खाली आणतात. १:८७ ने तो होतो सेकंदाला २४ सेंटिमीटर. एवढ्या सावकाश जाऊनही इंजिन साडेपाच मीटरची पडवी तेवीस सेकंदांत ओलांडतं. गोल रुळावर फिरणारं खेळणं मुलं थोड्या वेळात सोडून देतात ते याचमुळे: गाडी कुठे जातच नाही.

इथे क्रॉसिंग मदतीला येतं. अंतर आणता येत नाही, पण वेळ आणता येतो. करबुड्याचा बोगदा ७५ मीटरचा करायची गरज नाही. दोन मीटरच्या डोंगराआड लपलेल्या दोन लाइन असल्या की पुरतं. गाडी आत शिरते आणि ठरलेल्या मिनिटांनंतरच बाहेर येते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकात हाच विचार मांडला होता. नाटकधंद्यातून आलेला हा माणूस म्हणायचा की लेआउट हा रंगमंच आहे, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक हे नाटक. संगमेश्वराकडच्या माणसाला हे पटवून द्यावं लागणार नाही. नमन या इथल्या लोकनाट्यात सोंग पडद्याआड उभं असतं, आणि ते कधी येणार यातच अर्धा खेळ असतो.

मग भिंतीवर भरभर चालणारं घड्याळ लागतं. हौशी मंडळी ते चार किंवा सहा पटींनी पळवतात. सहा पटींच्या घड्याळात खरी दहा मिनिटं म्हणजे मांडणीतला एक तास. आणि दुसरा माणूस लागतो. एक संगमेश्वर सांभाळतो, दुसरा उक्षी. संगमेश्वराने गाडी सोडायच्या आधी उक्षीकडे लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी, मागायची. उक्षीवाल्याकडे समोरून मांडवी एक्सप्रेस येत असेल तर त्याने नाही म्हणायचं, आणि ते ऐकावंच लागतं. लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतलेली गाडी सिग्नलपाशी उभी राहते. ती उभी असताना पडवीतल्या दोघांना पहिल्यांदाच या मार्गाची लांबी जाणवते, कारण न दिसणारी दुसरी गाडी कुठल्या तरी डोंगरातून येत असते. प्रवासात जांभया देत घालवलेली ती मिनिटं इथे सगळ्यांत उत्सुकतेची होतात.

साल कोणतं, हेही ठरवावं लागतं. २०२२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं. त्यानंतरचं चित्र मांडायचं तर स्टेशनभर खांब आणि केसासारख्या तारा ओढाव्या लागतात; १९९८ निवडलं तर डिझेल इंजिन आणि मोकळं आभाळ. आणि दरवर्षी जूनमध्ये खऱ्या मार्गावर पावसाळी वेळापत्रक लागू झालं की पडवीतला कागदही नव्याने आखायचा. वेग उतरतो, मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० वर येतो, आणि उक्षीला होणारं क्रॉसिंग सरकून संगमेश्वरला येतं. तेव्हा लूपमध्ये कुणी थांबायचं, हे त्या दोघांनी बसून पुन्हा ठरवायचं असतं.