वेलंकनीच्या यात्रेकरूंना, त्या मोकळ्या दिवसाविषयी

प्रिय यात्रेकरू मंडळी,

सप्टेंबरची गर्दी टाळून आपल्या धर्मग्रामाची यात्रा यंदा जानेवारीत वेलंकनीला निघते आहे, हे फार चांगलं झालं. पत्रिकाही मन लावून आखलेली दिसते. रोजची मिस्सा, रोझरी, जुन्या तळ्यापर्यंतची वाळूची वाट, ज्यांचे नवस आहेत त्यांना वेगळा वेळ. फक्त तिसऱ्या दिवसापुढे ‘मोकळा दिवस : समुद्रकिनारा व खरेदी’ एवढंच लिहिलं आहे. तो दिवस असा वाया घालवू नका, ही विनंती करायला हे पत्र.

आरोग्यमातेच्या कथेत समुद्र आहेच. वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी तिचा धावा केला, ८ सप्टेंबरला ते सुखरूप किनाऱ्याला लागले आणि त्यांनी तिथं पक्कं चर्च बांधलं, हे आपल्याकडे लहान पोरंही सांगतात. पाचूबंदरच्या कोळ्यांना तर ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण त्याच किनाऱ्याची दुसरी गोष्ट आपण अर्धीच सांगत आलो. २६ डिसेंबर २००४. नाताळचा दुसरा दिवस, त्यातून रविवार. सकाळची उपासना आटोपून कितीतरी लोक वाळूवर उतरले होते. त्सुनामीचं पाणी बॅसिलिकेत शिरलं नाही, हे यात्रेहून परतलेला प्रत्येकजण सांगतो. ती श्रद्धा आहे आणि ती माझीही आहे. पण बाहेर वाळूवर, दुकानांच्या रांगेत जी माणसं उभी होती, तीही तिच्याच दर्शनाला आली होती ना? शेकडो यात्रेकरू गेले. ओळख पटण्याआधीच अनेकांना एकत्र पुरावं लागलं. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं मेली, आणि त्यांत कोळीवस्त्याच्या वस्त्या होत्या. मातेनं चर्च वाचवलं म्हणताना तिनं त्या लेकरांना सोडलं असा अर्थ निघू नये, एवढं भान आपण ठेवायला हवं. म्हणून दिवसाची सुरुवात किनाऱ्यावरच करा. फादरांनी वाळूत उभं राहून त्या मृतांसाठी प्रार्थना म्हणावी, सगळ्यांनी साथ द्यावी. पाण्यात मात्र कुणी उतरू नये. त्या समुद्राची ओढ फसवी आहे आणि साडी नेसून घोटाभर पाण्यात गेलेली बाईही पडते.

मग बस उत्तरेला काढा. नागपट्टिणम मागं पडलं की थोड्याच वेळात नागूरच्या दर्ग्याचे पाच मनोरे दिसू लागतात. आपल्या बसगाड्या इथून न थांबता पुढं जातात, आणि मला ते खटकतं. शाहुल हमीद या सोळाव्या शतकातल्या सुफी संताचा हा दर्गा. त्यातला सगळ्यांत उंच मनोरा, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधून दिलेला आहे. प्रतापसिंह म्हणजे व्यंकोजीराजांचा नातू, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या घरातला. वेलंकनीच्या रांगेत हिंदू आणि मुसलमान आपल्या मागेपुढे उभे असतात, मेणबत्ती लावतात, केस देतात. त्यांच्या दारावरून जाताना आपणही डोक्यावर पदर, रुमाल घेऊन अर्धा तास उतरावं.

कारैकालात थांबला नाहीत तरी चालेल. वेळ राखून ठेवा तो तरंगमबाडीसाठी. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून १६२० मध्ये डेन्मार्कवाल्यांनी हे गाव मिळवलं, ऐन समुद्रावर डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकलं. इथं ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग नावाचा जर्मन तरुण गलबतातून उतरला. वय तेवीस. शाळेतल्या चिमुरड्यांच्या ओळीत बसून तो वाळूत बोटानं तमिळ अक्षरं गिरवायला शिकला, असं सांगतात. ज्या डॅनिश राजानं त्याला पाठवलं, त्याच राजाच्या किल्लेदारानं १७०८ मध्ये त्याला किल्ल्यात डांबलं. सुटला आणि पुन्हा कामाला लागला. १७१५ मध्ये तमिळ नवा करार याच गावात छापून झाला. त्यानं उभारलेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये आजही उपासना होते. छत्तीसाव्या वर्षी तो वारला, त्याची कबर तिथंच आत आहे. तिच्यापाशी जरा थांबा.

‘तो तर प्रोटेस्टंट, आपला कोण?’ असं बसमध्ये कुणीतरी विचारेल. फादर स्टीफन्स तरी आपले कोण होते? इंग्लंडातून गोव्यात आले, मराठी शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं. त्यांना आपण आपलं मानतो ते त्यांनी आपली भाषा जिवापाड कष्टानं आपलीशी केली म्हणून. झिगेनबाल्गनं तमिळसाठी वेगळं काय केलं? शिवाय त्याच्या मिशनचा धागा आपल्यापर्यंत येतोच. पुढं याच मिशनमध्ये आलेला श्वार्ट्झ तंजावरच्या सरफोजीराजांचा गुरू झाला. १७९८ मध्ये तो गेल्यावर राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. आणि या सरफोजींच्याच छापखान्यात १८०६ मध्ये ‘बाळबोध मुक्तावळी’ हे मराठी पुस्तक देवनागरीत निघालं, मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना सुरू होण्याच्या आधी. प्रोटेस्टंट मिशनऱ्याचा हा शिष्य हिंदू मराठा राजा होता. ही गोष्ट आपल्या युवकांनी बसच्या माईकवरून सांगावी.

आता व्यवहाराचं. बसवाल्याशी तरंगमबाडीपर्यंतचं भाडं आधीच ठरवा, ऐन वेळी जादा पैशांवरून वाद नको. सकाळच्या मिस्सेनंतर लगेच निघा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी किल्ल्याच्या जिन्याचा हट्ट धरू नये, सावलीला बसून समुद्र दिसतो. मेणबत्त्या, पदकं, घरच्यांसाठी तेलाच्या बाटल्या संध्याकाळी परतल्यावर घ्या, दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. आणि नागूरला उतरायला कुणाचं मन घेत नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको, पण त्याच्यासाठी बाकीच्यांची बस पुढं नेऊ नका.

तुमचाच,
एक सहयात्रिक