जागलीची पहाट

नाताळचा सण आटोपला आणि आम्ही उभयतांनी चार दिवसांसाठी वर्धा जिल्ह्यातील बोरच्या अरण्याची वाट धरली. हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. वाघाची ओढ आम्हांला नव्हती. हिवाळ्यात बोर धरणाच्या पाण्यावर दूरदेशीची पाखरे उतरतात. ती निवांत पाहावीत, एवढाच हेतू.

जंगलाच्या कडेला एका शेतकऱ्याने घरातील एक खोली पाहुण्यांसाठी राखली होती. तेथे पोहोचताच आम्ही पहिले काम केले ते भाड्यात घासाघीस करण्याचे. त्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

पहाटे तेच आम्हांला घेऊन निघाले. आमची चाल शहरातली. ते दहा पावले टाकीत आणि थांबत. "घाई केली का पाखरू दिसत नाही, भाऊ," एवढेच म्हणाले. थांबू लागलो, तसे रान उलगडत गेले. ओढ्याकाठी शेपटी हलवीत परीट पक्षी फिरत होता. तारेवरच्या नीलपंखाने झेप घेतली आणि पंखांतली निळाई क्षणभर उन्हात झळकली. धरणाच्या काठी नारिंगी-बदामी चक्रवाकांची जोडी उभी होती. लडाख, तिबेट आणि मध्य आशियात वीण करणारी ही पाखरे थंडीत येथवर येतात, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. ती नेमकी कोठे उतरतात, हे त्यांना ठाऊक होते.

परतताना त्यांचे तांबारलेले डोळे आमच्या ध्यानात आले. विचारले, तेव्हा ते सहज बोलून गेले, "जागलीवर होतो. डुकरं हरभरा ठेवत नाही."

आम्ही ओशाळलो. रात्री शेतातून डबा बडविल्याचा आवाज आम्ही ऐकला होता आणि झोपमोड झाली म्हणून सकाळी त्यांच्यापाशीच कुरकुर केली होती. आम्ही ज्या रानाच्या शांततेसाठी आलो होतो, त्याच रानातून रानडुकरे त्यांच्या पिकात शिरत होती. तरीही रात्रभर जागलेला हा माणूस आम्हांला पाखरे दाखवीत होता आणि त्या रानाविषयी त्याच्या तोंडून कडू शब्द निघाला नव्हता.

निघताना, त्यांनी प्रथम सांगितली होती तेवढी रक्कम आम्ही त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी ती मोजली नाही. शिदोरीला हरभऱ्याची कोवळी भाजी तेवढी बांधून दिली.

आता प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे मागताना, ती भाकर कोणाच्या जागलीतून येते, ते आम्हांला आठवते.